शेजारी बसून

१४ जून

ताई,

आपल्या दोन वर्गांमधली प्लायवुडची भिंत काल काढली. सातवी अ आणि सातवी ब मिळून आता एकच लांब खोली झाली आहे. नव्या मुख्याध्यापकांना सभागृह हवं होतं. तू त्यांना ओळखत नाहीस. तू गेलीस तेव्हा ते कॉलेजात असतील.

दोन सुतार आले, चार तासांत काम उरकून गेले. भिंत किती पातळ होती ते ती आडवी ठेवल्यावर दिसलं. करंगळीच्या नखाएवढी. एवढ्याशा जाडीच्या दोन बाजूंना आपण अकरा वर्षं शिकवलं. तुझ्या बाजूला मोठ्या लाकडी कंपासाच्या खिळ्याचं भोक अजून होतं. माझ्या बाजूला तक्त्यांच्या खळीचे डाग. शिपाईमामा शेजारी उभे होते. म्हणाले, "धाकट्या बाई, भिंत गेली. आता भांडायला मोकळं."

मी म्हटलं, "भांडायला समोर माणूस लागतं, मामा."

ते झाडू आणायला गेले.

तुझा पत्ता मामेभावाने दिला. तू देऊ नको म्हणून सांगितलं होतंस, हेही त्यानेच सांगितलं आणि तरी दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. त्याला रागावू नकोस. मी तीन वेळा त्याच्या घरी जाऊन बसले, तेव्हा कंटाळून दिला.

भिंतीवरून बरंच काही आठवलं. माझा वर्ग दंगा करायला लागला की तू डस्टरने दोनदा ठोकायचीस. माझी मुलं लगेच कुजबुजायची, "मोठ्या बाई उठल्या." मी कविता शिकवताना, नेमक्या हळव्या ओळीवर, पलीकडून पंचेचाळीस पोरांचा आवाज यायचा, सात आठे छप्पन्न. सातवीला पाढे कशाला, असं मी एकदा म्हटलं होतं. तू म्हणालीस, "पाढे विसरतात ते सातवीतच. दुसरीत कोण विसरतं?" पुढे पुढे माझ्या मुलांना कविता आणि पाढे एकत्रच पाठ झाले. एकाने तोंडी परीक्षेत तिसऱ्या कडव्यानंतर आपोआप छप्पन्न म्हटलं.

तुझ्या बाजूला गेल्या एकोणीस वर्षांत सहा शिक्षक आले. एकानेही भिंत ठोकली नाही.

काही कामासाठी लिहीत नाही. भिंत काढली हे तुला कळायला हवं असं वाटलं. उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तर कारण मला माहीत आहे. निदान आजवर मी तसं धरून चालले आहे.

धाकटी


२ जुलै

ताई,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते.

शिक्षण खात्याचं एक परिपत्रक आलं आहे. विषय, वर्गातील सक्रिय श्रवण. शिक्षकांच्या खोलीत ते मोठ्याने वाचून दाखवलं. चित्रकलेचे सर म्हणाले, "म्हणजे आजवर आपण करत होतो ते निष्क्रिय?"

"छे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "निष्क्रिय म्हणजे सोमवारच्या सभेत करतो ते."

मुख्याध्यापक दारातच उभे होते. तेही हसले. वाईट माणूस नाही.

नव्या शिक्षकांसाठी एक पान लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या निवृत्तीला नऊ महिने राहिले आहेत आणि शाळेत सगळे धरून चालतात की ऐकणं हा माझा विषय आहे. दुसऱ्या शाळांतली माणसं माझा तास बघायला येतात. एकदा एकजण कॅमेरा घेऊन आला होता.

पान लिहायला बसले. जे वर्षानुवर्षं करत आले तेच लिहिलं. मूल बोलत असेल तेव्हा हातातलं काम खाली ठेवावं. समोर बसू नये, शेजारी बसावं. समोर बसलं की चौकशी वाटते. आवाज खाली ठेवावा. मूल थांबलं तर लगेच बोलू नये, मनात दहा मोजावेत. मग त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत त्याला परत सांगावं आणि विचारावं, असंच ना? मूल हो म्हणाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाचायला बरं दिसतं. चित्रकलेच्या सरांनी वाचून "फ्रेम करून लावा" म्हटलं.

हे कुठे शिकलात असं लोक विचारतात, तेव्हा मी एका प्रशिक्षण शिबिराचं नाव सांगते. ते खोटं आहे. शाळेतून आल्यावर मी दिवसभराचं सगळं एका दमात सांगायचे. आई हो हो म्हणत कामं करत राहायची. तू हातातलं पुस्तक पालथं ठेवायचीस. बाकी काही नाही. मान हलवायची नाहीस, अरे वा म्हणायची नाहीस. पुस्तक पालथं पडलं की मला कळायचं, आता माझी पाळी. तू तेव्हा पंधरा वर्षांची असशील आणि मी नऊ.

मग नोकरीतली वर्षं. ते दोन खोल्यांचं घर, खिडकीजवळचं टेबल, दोन बाजूंना वह्यांचे दोन ढीग. लाल पेन्सिल तुझी, हिरवी माझी. माझा ढीग नेहमी उशिरा संपायचा, कारण निबंध वाचावे लागतात आणि उदाहरणं नुसती बघितली तरी चालतात, असं मी म्हणायचे. तुला ते आवडायचं नाही. "उदाहरणही वाचावंच लागतं," तू म्हणायचीस. "कुठल्या पायरीला पोरगं घाबरलं ते दिसतं."

'माझा आवडता प्राणी' या निबंधात एकाने 'मोठ्या बाई' लिहिलं होतं. मी वही लपवायला गेले. तू हिसकावून घेतलीस. पाय लांब असल्याने चटकन येतात, कान तीक्ष्ण, डोळे दोन असून चार दिसतात, रागावल्यावर नाक हलते. तू इतकी हसलीस की खुर्ची मागे गेली. मी दहापैकी सहा दिले होते. तू भांडलीस. "निरीक्षण बघ की पोराचं. आठ दे."

मी आठ दिले.

ते टेबल अजून माझ्याकडे आहे. मी एका बाजूलाच बसते.

शनिवारी पालकसभा होती. पहिलीतल्या एका मुलीच्या आईने तुझी चौकशी केली. बाकी सगळं ठीक.

धाकटी


११ जुलै

ताई,

मागच्या पत्रात शेवटी जी ओळ लिहिली ती मुद्दाम शेवटी लिहिली होती. तुझ्या नजरेतून सुटावी असंही वाटत होतं आणि सुटू नये असंही.

पालकसभा संपत आली होती. मी खुर्च्या मोजत होते. एक बाई आली, तिशीतली, केस आखूड. हाताशी एक छोटी मुलगी, दोन्ही पायांचे बूट उलटे घातलेली. ती सरळ माझ्याकडे आली.

"मोठ्या बाई कुठे असतात?"

"त्या आता या शाळेत नाहीत."

"ते माहीत आहे. असतात कुठे?"

मी म्हटलं, दुसऱ्या गावी. मग तिला बसवलं, शेजारच्या खुर्चीत बसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, तुम्ही कोणत्या वर्षीच्या. तिने मान हलवली. हो, अशी. प्रश्न हो-नाहीचा नव्हता. आणि त्या मानेवरून मी तिला ओळखलं.

बाहुली.

सातवी अ, खिडकीकडची रांग. स्प्रिंगच्या मानेची बाहुली असते तशी कशालाही मान हलवते म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. मीही एकदोनदा त्याच नावाने हाक मारली होती, लाडाने. तिला लाड वाटला असेल असं नाही.

तिने स्वतःच खुर्ची फिरवली आणि माझ्यासमोर बसली. केस कानामागे सारले. कानामागे मशीन होतं, फिकट निळं. लपवलेलं नव्हतं.

"बाई, समोरून बोला ना," ती म्हणाली. "शेजारून मला अर्धंच कळतं. या बाजूने तर काहीच नाही. लहानपणापासून."

हे वाक्य ऐकून नऊ दिवसांहून जास्त झाले. तेवढ्यात मी तुला एक पत्र लिहिलं आणि त्यात परिपत्रकावरचा विनोद घातला. ऐकण्याचे नियम घातले. माझा आवडता प्राणी घातला.

हे पान आत्ताच पाकिटात घालते आहे. सगळं लिहून होईपर्यंत थांबले तर हेही जाणार नाही.

धाकटी


१२ जुलै

ताई,

त्या वर्षी डिसेंबरपासून भिंतीपलीकडून तुझा आवाज चढलेला असायचा. आधी असा नव्हता. रोज गणिताच्या तासाला, दोन-चार मिनिटं. "वर बघ. माझ्याकडे बघ. परत सांग. नाही, माझ्याकडे बघून सांग." वर्ग चिडीचूप. मी पलीकडे हातात खडू घेऊन उभी. माझी मुलं माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे.

कोणाला म्हणतेस ते मी मधल्या सुट्टीत विचारून घेतलं. मुलं म्हणाली, बाहुलीला. रोज पहिल्या बाकावर बसवतात, रोज तिलाच उभं करतात.

भाषेचा तास मी दोन्ही वर्गांना घ्यायचे. माझ्या तासाला ती मागे बसायची. तिचं श्रुतलेखन म्हणजे नुसता गोंधळ. मधले मधले शब्दच नसायचे. मी समासात हिरव्या पेन्सिलने लिहायचे, लक्ष दे. जानेवारीत एकदा श्रुतलेखनाच्या मधेच ती रडायला लागली. मी वर्ग थांबवला. तिला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नेलं.

मी सगळं नियमाने केलं. समोर बसले नाही. तिच्या शेजारी बसले, उजवीकडे. आवाज अगदी खाली ठेवला, बागेत पाखराजवळ जावं तसा. तिच्याकडे रोखून बघितलं नाही. समोर मैदानाकडे बघत बोलले, म्हणजे तिला मोकळं वाटेल.

गणिताच्या तासाची भीती वाटते ना? तिने मान हलवली.

मोठ्या बाई रागावतात? मान.

रोज? मान.

मी दहा मोजले. तिने काही म्हटलं नाही. तेव्हा मी चौथा प्रश्न विचारला. तो मला कुठून सुचला ते आजही सांगता येत नाही. हात उगारतात का?

मान.

डास मारायचा तरी तू आधी खिडकी उघडून बघायचीस. लहानपण सोडलं तरी एका घरात आपण पंधरा वर्षं राहिलो होतो. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या बाकावर बसल्या बसल्या मी ते बाजूला ठेवलं. मुलाने सांगितलेलं बदलायचं नाही, हा माझा नियम. कागदावर मी जसंच्या तसं उतरवलं. मुलीने सांगितले की. मुलीने सांगितले की. त्या कागदातली सगळी वाक्यं माझी होती. तिची फक्त मान होती.

जुन्या मुख्याध्यापकांनी कागद वाचून चष्मा काढला. म्हणाले, "बाई, तुमची सख्खी बहीण आहे. एकदा नीट विचार करा."

मी म्हणाले, "म्हणूनच लिहून देते आहे."

हे वाक्य तुला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. म्हणून सांगितलं. ते म्हणताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं, हेही सांगते.

तुला बोलावलं. तू उभ्यानेच वाचलंस. मला विचारलंस, "हे तिने सांगितलं?" मी हो म्हटलं. "तुला?" मी पुन्हा हो म्हटलं. मग तू मुख्याध्यापकांना म्हणालीस, "मुलगी म्हणते तर तसंच असेल," आणि खाली सही केलीस. मला ती कबुली वाटली. वरचे वर्ग तुझ्याकडून काढले, तुला ग्रंथालयात बसवलं. महिन्याभरात तू राजीनामा दिलास आणि तुझ्या दोन पेट्या घेऊन गेलीस. त्या महिन्यात आपण त्याच टेबलावर जेवत होतो. मीठ दे, दार लाव, एवढंच बोलत होतो. त्या टेबलावर मी तुला काहीही विचारलं नाही. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. वाट बघणं म्हणजे ऐकणं, असं मी धरून चालले होते.

आता बाहुलीने जे सांगितलं ते. ती बोलत होती आणि मी समोर बसले होते. तिची मुलगी फळ्याखाली बसून खडूचे तुकडे गोळा करत होती.

"मोठ्या बाईंना कसं कळलं माहीत आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "फळ्यावरची माझी उदाहरणं सगळी बरोबर असायची. तोंडी सांगितलेली सगळी चूक. त्यांनी दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि मला थांबवून घेतलं. माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, काहीतरी बोलल्या. मी वळलेच नाही. मग पुढे आल्या आणि म्हणाल्या, आता कळलं."

मी तिला म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"घरी कळलं असतं. आमच्याकडे सगळ्यांचं ठरलेलंच होतं, सातवी झाली की पुरे. कान गेलाय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर गेलं असतं. मी त्यांच्या हातापाया पडले. कोणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, वार्षिक परीक्षेपर्यंत नाही सांगत. पण परीक्षा झाली की तुझ्या आईशी मी बोलणार, तेव्हा रडायचं नाही."

"रोज उभं करायच्या ते?"

"ओठ वाचायला शिकवत होत्या, बाई. फळ्याकडे तोंड करून एक शब्द बोलायच्या नाहीत. आधी लिहायच्या, मग वळायच्या. माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ. मला लाज वाटायची. पण कळायचं. शाळेत तेवढा एकच तास कळायचा."

मी तिला व्हरांड्यातल्या बाकाचं विचारलं. तिला आठवत होतं.

"तुम्ही प्रेमाने बोलत होता ते दिसत होतं," ती म्हणाली. "ऐकू काहीच येत नव्हतं. तुम्ही तर मैदानाकडे बघत होता. म्हणून मान हलवली. सगळ्यांना हलवायचे. मान हलवली की लोक सोडून देतात."

आणि मग म्हणाली, "एप्रिलमध्ये त्या घरी आल्या. शाळा सोडून गेल्या होत्या तरी आल्या. आईला आणि मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. बाबांशी दोन तास बोलल्या. मी दहावी झाले, पुढे शिकले. आता छापखान्यात मुद्रितं तपासते. सगळं वाचायचंच काम. त्या शाळेतून का गेल्या हो?"

मी म्हटलं, "बदली झाली."

ताई, मी तिला हे सांगितलं. तिच्यासमोर बसून, तिला ओठ नीट दिसतील अशा बेताने. तिने मान हलवली. या वेळी तिला ऐकू आलं होतं.

तिला खरं सांगावं की नाही ते मला ठरवता येत नाही. सांगितलं तर माझं ओझं हलकं होईल आणि तिच्या मानेवर जाऊन बसेल. नव्या शिक्षकांसाठीचं ते पान मी मुख्याध्यापकांकडून परत मागून घेतलं. शेजारी बसावं, ही ओळ खोडली. समोर बसावं, असं लिहून बघितलं. तीही खोडली. पान अजून माझ्याकडेच आहे.

तू एकच वाक्य बोलली असतीस तर सगळं थांबलं असतं. तू तिला शब्द दिला होतास, म्हणून नाही बोललीस. मी तुला विचारलं असतं तर कदाचित मला सांगितलं असतंस. मी विचारलं नाही.

माझं चुकलं.

धाकटी


६ ऑगस्ट

ताई,

तुझं कार्ड काल आलं. शिपाईमामांनी ते माझ्या हातात देताना उलटसुलट केलं नाही, म्हणजे त्यांनी ते आधीच वाचलं होतं. "अक्षर तसंच आहे मोठ्या बाईंचं," म्हणाले.

वर्गात मुलं होती. मी ते मधल्या सुट्टीपर्यंत उघड्या पुस्तकात ठेवलं. त्या तासाला मी काय शिकवलं ते मुलांनाच विचारावं लागेल. नंतर इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तरी उतरवून ठेवते.

'चारही पत्रं मिळाली. लिहितेस चांगलं, पूर्वीपासूनच. बाहुलीसाठी बदलीच राहू दे. बारा वर्षांची होती. तिला माझा पत्ता दे आणि अपूर्णांकांचा भागाकार अजून येतो का विचार. तुझं चुकलं हे तू शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलंस. उत्तर शेवटी येतं हे बरोबर, पण चार पत्रं पायऱ्या लागल्या. भिंतीवर दोन पानं आहेत, नियमांवर एक. मी जिवंत आहे का, काय करते, कशी आहे, याची एक ओळ नाही. मी काय केलं, का केलं, ते तू बाहुलीला विचारलंस. मग मला सांगितलंस. मला माहीत होतं.'

सही नाही. सहीची जागाच उरली नव्हती.

मी चारही पत्रांच्या नकला काढून बघितल्या. नकला ठेवते, तुला माहीत आहे. तू म्हणतेस ते खरं आहे. तुझ्यासाठी एकही प्रश्न त्यांत नाही.

बाहुलीला पत्ता दिला. अपूर्णांकांचं विचारलं. ती म्हणाली, "दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं," आणि मग तिथेच पायरीवर बसली आणि थोडा वेळ उठली नाही. तिच्या मुलीने तिला विचारलं, "आई, कुणाला उलटं करायचं?" ती तुला लिहिणार आहे. बदलीबद्दल मी काही बोलले नाही. यापुढेही बोलणार नाही.

आता विचारते.

तू राहतेस ती खोली कितव्या मजल्यावर आहे? जिने चढवतात का? तुझा डावा गुडघा पावलागणिक वाजायचा, तो आता दुखतो का? सकाळी पहिली कोणाशी बोलतेस? चहा अजून उभ्यानेच पितेस का, की आता बसतेस? तिथेही शिकवलंस असं मामेभाऊ म्हणाला, त्या शाळेत तुला काय म्हणायचे? तिथे मोठ्या बाई कोणी दुसऱ्याच असतील. निवृत्त झालीस त्या दिवशी कोण आलं होतं? तुला आजारपण आलं होतं का? आलं असेल तर पाणी कोणी दिलं? तू कधी मला पत्र लिहायला बसली होतीस का? किती ओळींवर थांबलीस?

उत्तर दिलंस तर मी ते माझ्या शब्दांत तुला परत सांगणार नाही.

आणि एक. त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत तू सही केलीस तेव्हा अकरा वाजले होते. तुला घरी जायला सांगितलं. मी साडेचारला घरी आले. तू नव्हतीस. साडेसातला दार वाजलं. मी उघडलं. तुझ्या चपला ओल्या होत्या आणि घोट्यापर्यंत वाळू होती. तू मोरीत जाऊन बराच वेळ पाय धूत राहिलीस. मी ताटं घेतली.

तू कुठे गेली होतीस?

धाकटी